दिनकरआबांची सुतकं

जळगावात मेहरूणला राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी समोरच्या घरी पिठलं-भाकरी घेऊन सांत्वनाला गेले, आणि जो कधी जन्मलाच नव्हता अशा माणसासाठी तासभर हळहळून आले.

झालं असं, की सकाळी शाळेत निघताना समोरच्या ओट्यावर सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ चटईवर बसलेले दिसले. दाढीचे खुंट वाढलेले, पायांत काही नाही, नजर जमिनीकडे. माणूस असा बसला की काय समजायचं ते आम्हाला लहानपणापासून ठाऊक असतं. सुतकाच्या घरी शेजाऱ्यांनी जेवण न्यायचं ही आमच्या धुळ्याकडची रीत. संध्याकाळी मी डबा भरला, चेहरा लांब केला आणि जाऊन बसले.

"कोण गेलं?" मी हळूच विचारलं.

"तुकोजी."

"वय?"

"बावीस."

"अरेरे. काय झालं?"

"भाला लागला. थाळनेरच्या उताराला."

मी गणित शिकवते, पण शाळेत खेळाच्या शिक्षकांना मदतीलाही असते. माझ्या डोळ्यांपुढे जिल्हा क्रीडा स्पर्धा उभ्या राहिल्या. भालाफेकीच्या मैदानावर पोरांना आडवं जाऊ देतात कसे, म्हणून मला रागच आला. "शिकत होता का?" मी विचारलं.

"नाही. पागेत होता. घोड्यांना चंदी घालायचा."

तेवढ्यात आतून एका बाईंचा आवाज आला, "दिना, त्या बाईले खरं सांग. तो कागदवरला शे."

तुकोजी हा दिनकरआबांच्या कादंबरीतला होता. अडीचशे वर्षांपूर्वी, त्याच दिवशी सकाळी साडेनऊला, तेराव्या प्रकरणात तो गेला होता. मला हसावं की डबा उचलून घरी जावं कळेना. आबांनी मात्र डबा शांतपणे उघडला, पिठल्याचा वास घेतला आणि म्हणाले, "तुकोजीला फार आवडायचं."

दिनकरआबा नोकरीत भूकरमापक होते, म्हणजे सरकारी मोजणीदार. छत्तीस वर्षं त्यांनी जळगाव आणि धुळ्यातल्या लोकांचे बांध मोजले, भाऊबंदांची भांडणं ऐकली, आणि निवृत्त होताना लोखंडी साखळी घरी आणली. हल्ली मोजणी यंत्रावर होते, तेव्हा ती साखळी कुणाला नकोच होती. आबांनी तिला तेल लावलं आणि ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायला घेतल्या. साखळीचा आणि कादंबरीचा संबंध काय, हे मीही विचारलं होतं. "ताई," ते म्हणाले, "आधी हद्द कायम करावी, मग बोलावं. लढाई लिहायची तर ती किती जागेत झाली हे नको का?"

"आधी हद्द कायम करा" हे त्यांचं पालुपद. भाजीवाल्याशी घासाघीस असो की गल्लीतलं राजकारण, सुरुवात याच वाक्यानं.

त्यांच्या चार कादंबऱ्या छापून झाल्या आहेत. चारींत मिळून एकही राजा बोलत नाही. राजे लांबून जातात, त्यांच्या हत्तीची धूळ तेवढी दिसते. आबांची माणसं म्हणजे पखालवाले, नालबंद, खंदक खणणारे, रात्रीच्या पहाऱ्यावर डुलक्या घेणारे. मोठ्या माणसांवर लिहायला मोठे लेखक आहेत, आपण बारक्या गटांचे मोजणीदार, असं ते म्हणतात. आणि ही बारकी माणसं आबांच्या लढायांत पटापट मरतात, कारण खऱ्या लढायांत तीच मरतात. प्रत्येकाचं आबा सुतक पाळतात. त्याचे नियम ठरलेले आहेत. घोड्याला दीड दिवस. प्याद्याला तीन. लग्न झालेल्याला पाच. आणि ज्याची आई कादंबरीत जिवंत आहे त्याला पुरे दहा.

याचा सगळ्यात जास्त त्रास कोपऱ्यावरच्या सलीमभाईंना. सलीमभाईंचं केशकर्तनालय आहे आणि आबा त्यांचं जुनं गिऱ्हाईक. "आबा, या वर्षी तुम्ही माझ्याकडे चारच वेळा आलात," सलीमभाई म्हणायचे. "लढाई जरा कमी करा. एखादं लग्न लिहा ना."

"लग्न कठीण असतं, सलीमभाई," आबा म्हणायचे. "लढाईला जागा लागते, ती मोजता येते. प्रेमाला गट नंबर नसतो."

एकदा मी त्यांच्याबरोबर मोजणीला गेले. मला धुळ्याला माहेरी जायचं होतं, आबांना पारोळ्याच्या अलीकडे एका शेतात काम होतं. शेतात पोचल्यावर आबांनी साखळीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि मला बांधावर उभं केलं. पाचच मिनिटांत शेताचा मालक पळत आला, मागोमाग आणखी सातआठ जण. साखळी दिसली की आमच्याकडे लोकांना रस्ता रुंदीकरणच आठवतं.

"कितली जमीन जाई राहिनी?" मालकानं धापा टाकत विचारलं.

"तुमची नाही जात," आबा म्हणाले. "एकशे चाळीस स्वार इथून माघारी पळालेत. ते या पट्टीत मावतात का, बघतोय."

"कधी पळालेत?"

"अडीचशे वर्षं झाली."

मालकानं मोठा श्वास सोडला. बाकीचे हसले, एकजण तंबाखू मळायला बसला. मालक मात्र शेताकडे बघून म्हणाला, "मंग तव्हय आठे पीक कोनतं व्हतं?"

आबांच्या हातातली साखळी तशीच राहिली. एकशे चाळीस स्वारांची, त्यांच्या घोड्यांची, नालांचीसुद्धा त्यांनी नोंद ठेवली होती. उभ्या पिकाचा विचार त्यांनी केला नव्हता. ते बांधावर बसले ते अर्धा तास उठले नाहीत. घरी येऊन त्यांनी ते प्रकरण फाडलं आणि नव्यानं लिहिलं. त्यात लढाई दोन ओळींत संपते आणि पुढची अकरा पानं एक नवराबायको तुडवलेली दादर उचलत बसतात. दादर म्हणजे आमची रब्बीची ज्वारी. त्या पानांवर मी रडले, हे इथे सांगून टाकते. "लढाई दोन राजांची नसते ताई," आबा म्हणाले. "ज्याच्या शेतात होते त्याची असते. मला हे कळायला एक शेतकरी लागला, मोजणीदाराला स्वतःला कळलं नाही."

त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली, तिच्याकडे मी नीट पाहिलं नाही. शेतातून निघाल्यावर आबा वाट वाकडी करून बोरीकाठच्या त्यांच्या गावी थांबले. कुलूप लागलेल्या एका लहानशा घरापुढे त्यांनी पिशवीतून रंगाचा डबा आणि ब्रश काढला. दारावर त्यांचा मेहरूणचा पत्ता रंगवलेला होता, उन्हानं फिका झालेला. त्यांनी एकेक अक्षर पुन्हा गिरवलं. "पोस्टासाठी," ते म्हणाले. म्हातारपणी माणसं विक्षिप्त होतात, असं मी मनात म्हटलं आणि विसरून गेले.

आता आतल्या आवाजाची ओळख करून द्यायला हवी. त्या अक्का. आबांच्या थोरल्या भावाच्या पत्नी, वय सत्तरीच्या पुढे, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या. आबांनी लग्न केलेलं नाही, घरात दोघंच. संध्याकाळी साडेसहाला आबा ओट्यावर बसून दिवसभराचं लिखाण वाचून दाखवणार आणि अक्का मेथी निवडत ऐकणार, हा नेम. अक्कांना शाळा चौथीपर्यंतच, पण त्यांच्यासमोर आबांची गाळण उडायची. "बाळंतीणले इतली भाकर कोन देस?" असं त्या म्हणाल्या की आबा मुकाट्यानं अर्धी भाकरी खोडायचे.

"अक्का, काका कुठे असतात?" मी सुरुवातीला एकदा विचारलं होतं.

"लढाईले जायेल शेतस," अक्का मेथीवरची नजर न काढता म्हणाल्या. "येतीन."

भुसावळला गेलेत, संध्याकाळच्या गाडीनं येतील, अशा आवाजात. मला वाटलं कादंबरीतलंच काहीतरी सांगताहेत, आणि मी मोठ्यानं हसले. अक्काही हसल्या. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

त्या घराची आणखी एक खोड म्हणजे फाटकाला कडी घालायची नाही. दिवसा नाही, रात्री नाही. पावसाळ्यात फाटक वाऱ्यानं आपटायचं, कुत्री येऊन ओट्यावर झोपायची. एकदा मागच्या गल्लीतली शेळी आत शिरली आणि सतरावं प्रकरण खाऊन गेली. मी चिडले, "आबा, कडी घालायला काय होतं तुम्हाला?" आबा उरलेलं अर्धं पान हातात धरून म्हणाले, "बरं झालं. यात सहा जण मरणार होते. आता नाही मरत."

हे सगळं वरवर मजेत चाललं होतं, पण पाचवी कादंबरी तीन वर्षं अडून बसली होती. तिच्यात राघोजी नावाचा एक प्यादा आहे आणि त्याची येसू. लग्नाला आठ महिने झालेले असताना राघोजी मोहिमेवर जातो. पुढची चाळीस प्रकरणं येसू गिरणेच्या काठी शेत करते, सासूला सांभाळते, धाकट्या दिराला वाढवते. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलेलं. राघोजी परत येतो की येत नाही, एवढंच लिहायचं होतं. प्रकाशकाचा फोन यायचा, "मारा हो त्याला. वाचक रडला पाहिजे." आबा म्हणायचे, "हद्द कायम होत नाहीये."

मग अक्कांचे कान जायला लागले.

आधी आबा थोडं मोठ्यानं वाचायला लागले, मग आणखी मोठ्यानं. कानाचं यंत्र आणून पाहिलं, पण अक्का म्हणाल्या यात दिना सोडून बठ्ठा मेहरूणच आयकू येतो, आणि ते डब्यात गेलं. नवं काही नसल्यानं आबा येसूचीच प्रकरणं पहिल्यापासून पुन्हा वाचायचे, आणि वर्षभरात अशी पाळी आली की साडेसहाला आबांची कादंबरी अख्ख्या गल्लीला ऐकू जायची. लोक आधी कुरकुरले, मग खुर्च्या घेऊन यायला लागले. सलीमभाई दुकान मुलावर सोपवून यायचे. कुणी राघोजीच्या बाजूनं, कुणी खऱ्याच्या बाजूनं. "आणा हो त्याला घरी," सलीमभाई म्हणायचे, "बिचारी केवढी थांबली." डाळ मिलमधले एक मुकादम होते, ते म्हणायचे, "चाळीस प्रकरणं झाली, आता तो यायचा नाही."

आणि एका संध्याकाळी सगळ्यांसमोर अक्का म्हणाल्या, "दिना, मना कान जाई राह्यनात. आयकू येस तोवर पुरं कर. त्याले मार नही ते आन, पन माले फसाडू नको."

आबांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येताना ते मेहरूण तलावाच्या काठावर एकटेच बसलेले दिसले. मी स्कूटी थांबवली आणि सरळ विचारलं, कारण मला आडून विचारता येत नाही. "आबा, एका प्याद्यासाठी चार वर्षं का अडलात? आजवर किती मारले तुम्ही."

तेव्हा त्यांनी सांगितलं. थोरला भाऊ एकाहत्तरच्या लढाईत होता. तार आली त्यात 'बेपत्ता' एवढाच शब्द. आबा तेव्हा चौदा वर्षांचे. आई म्हणाली, जोवर पोऱ्याला गेलेलं कुणी डोळ्यांनी पाहिलं नाही तोवर या घरात सुतक पाळायचं नाही. कुणी डोळ्यांनी पाहिलं नाही. दिनकरच्या लग्नाची बोलणी निघाली तेव्हा आई म्हणाली, आधी थोरला येऊ दे, त्याच्याशिवाय अक्षता कशा टाकायच्या. मग आई गेली, आणि बोलणी काढणारं कुणी उरलं नाही. बदली होईल त्या गावी आबा अक्कांना घेऊन गेले, आणि सोडलेल्या प्रत्येक घराच्या दारावर नव्या घराचा पत्ता रंगवून आले.

मला ते गावातलं दार आठवलं. फाटकाची कडी आठवली. माझं हसणं आठवलं.

"तुम्हाला काय वाटतं आबा? ते येतील?"

आबांनी बोटानं मातीत एक चौकोन आखला. "सातबाऱ्यावर पोटखराबा असतो बघा," ते म्हणाले. "गटातली नापीक जागा, दगड, नाला. त्यात पीक येत नाही, पण ती धरल्याशिवाय गटाचं क्षेत्र पुरं होत नाही. मी पुष्कळांना सांगितलं, ते काढता येत नाही. आशा तशी आहे, ताई. माझी नाही, वहिनींची. त्यांच्या सातबाऱ्यावरून मी कसा काढू? राघोजीला मारला तर त्यांच्या तोंडावर दादाला मारल्यासारखं. आणला तर खोटं."

"मग काय करणार?"

"आणतो," आबा म्हणाले. "खोटं तर खोटं. त्यांचे कान आहेत तोवर त्यांनी ऐकावं."

आठ दिवसांनी शेवटचं प्रकरण झालं. त्या संध्याकाळी गल्लीत खुर्च्या कमी पडल्या. आबांनी नवा सदरा घातला होता, दाढी गुळगुळीत. ते वाचायला लागले, मोठ्यानं, नीट. येसू नदीवर आहे. पलीकडच्या काठावर एक माणूस दिसतो. लंगडतोय. नदी उतरतो. येसू ओळखते. सलीमभाईंनी रुमाल काढला. मुकादमसुद्धा नाक ओढत होते. आबांनी शेवटची ओळ वाचली आणि वही मिटली.

अक्कांच्या हातातली मेथीची काडी तशीच होती. "दिना," त्या म्हणाल्या, "हाई तू मोजेल नही शे."

अक्कांनी मिटलेल्या वहीकडे बोट केलं.

"नदी कितली रुंद, पानी कितलं, काय बी लिखं नही. बठ्ठं मोजीसन लिखस, आनि हाईच न मोजता लिखं?"

"वहिनी," आबा म्हणाले, "तुमनासाठे लिखं."

"मनासाठे नको लिखू. माले त्याच सालले समजनं. तार उनी त्याच दिन."

आबांनी वही खाली ठेवली आणि विचारलं, "मंग इतला साल वाट काबर देखी?"

अक्कांनी मेथी निवडायचं सूप बाजूला ठेवलं. "तू देखे म्हनीसन," त्या म्हणाल्या. "चौदा सालना पोऱ्या, रोज मोटारना टायमाले फाट्यावर जाये. सासू म्हने येई, तू म्हने येई. तुले कशी सांगू, तो येवाव नही?"

पन्नासहून जास्त वर्षं त्या दोघांनी एका घरात राहून एकमेकांसाठी वाट पाहिली होती, आणि दोघांनीही एकमेकांना ते कळू दिलं नव्हतं. आम्ही आपापल्या खुर्च्या उचलल्या आणि आवाज न करता घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत निघताना समोरच्या ओट्यावर चटई दिसली. आबा अनवाणी बसले होते, शेजारी अक्का. या वेळी कोण गेलं हे मी विचारलं नाही. शाळेत फोन करून सांगितलं की येत नाही, आणि दोघांसाठी पिठलं-भाकरी केली. संध्याकाळी मुकादमांच्या घरून वरण-भात आला. दुसऱ्या दिवशी सलीमभाईंच्या घरून खिचडी आली. गुरुजींना विचारायला गेलेल्या एकानं निरोप आणला की बातमी इतक्या उशिरा कळल्यावर एवढं सुतक नसतं. आबा म्हणाले, "त्याची आई जिवंत होती तेव्हा गेला तो. दहा दिवस."

गल्लीतल्या एका बाईंनी हळूच अक्कांच्या कपाळाचा विषय काढला. अक्कांना ते मात्र बरोबर ऐकू आलं. "कुकू मनं शे," त्या म्हणाल्या, आणि विषय संपला.

दहाव्या दिवशी सलीमभाई पेटी घेऊन घरी आले. आबांना ओट्यावर बसवून त्यांनी डोकं भादरलं, दाढी केली, आणि काम संपल्यावर वस्तरा पुसत बराच वेळ तिथेच उभे राहिले. आबा चौदा वर्षांच्या मुलासारखे रडले. अक्का त्यांच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवत होत्या. मीही रडले आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

त्या संध्याकाळी साडेसहाला आम्ही सवयीनं जमलो. आबांनी शेवटचं प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं होतं, चारच पानं झाली होती. राघोजी त्यात येत नाही. येसू आणि वाढलेला दीर दोघं मिळून शेताचा बांध घालतात, आणि बांध कुठून कुठे जातो ते पावलापावलानिशी लिहिलेलं आहे. अक्का कानाला हात लावून म्हणाल्या, "जोरमा वाच." आबांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

निघताना मी मागे फाटक ओढून घेतलं. आता हरकत नसावी म्हणून कडीला हात घातला आणि ओट्याकडे पाहिलं. आबा वहीत तोंड घालून होते. अक्का मेथी निवडता निवडता थांबल्या होत्या आणि माझ्या हाताकडे बघत होत्या.

मी कडी सोडली, आणि फाटक नुसतं लोटून घरी आले.